ट्रान्झिस्टरचा नंबर मिळाला नाही म्हणून रेडिओ सोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या ओळखीतली काही मुलं घरी रेडिओ बनवायला लागलीत, मला याचा मनापासून आनंद आहे. पण ती सगळी एकाच जागी अडकतात म्हणून हे पत्र. सर्किट कुठल्यातरी जुन्या मासिकातलं असतं, त्यात बीएफ १९४ नाहीतर बीएफ ४९४ असा ट्रान्झिस्टरचा नंबर लिहिलेला असतो, इंदूरच्या महारानी रोडवर दुकानामागून दुकान पालथं घातलं तरी नेमका तो नंबर मिळेलच असं नाही, आणि काउंटरवरून उत्तर येतं, "वो तो बंद हो गया, इक्विव्हॅलंट ले जाओ". मग बीसी ५४७ हा दुसराच ट्रान्झिस्टर हातात पडतो, रेडिओ बोलत नाही आणि मूल म्हणतं हे आपल्याला जमणार नाही.

दुकानदाराला मी दोष देत नाही. तो एनपीएन की पीएनपी (ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार) बघतो, व्होल्टेज आणि करंट बघतो, आणि अँप्लिफायर किंवा चार्जरच्या रिपेअरिंगला तेवढं पुरतंही. रेडिओला पुरत नाही. तो ट्रान्झिस्टर त्या जागी नेमकं काय काम करतोय हे आधी कळलं पाहिजे, पर्याय त्यानंतर शोधायचा.

शेजारची अकरावीतली मुलगी मीडियम वेव्हचा सेट करत होती. सोल्डरिंग सुंदर, कॉइल नीट, आवाज शून्य! बोर्ड उलटा करून बघितला तर आयएफ स्टेजला (स्टेशनचा सिग्नल एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणून वाढवणारा भाग) बीएफ ४९४ च्या भोकांत बीसी ५४७ जसाच्या तसा बसवलेला. आता ट्रान्झिस्टरला एमिटर, बेस आणि कलेक्टर असे तीन पाय; बीएफ ४९४ चा मधला पाय एमिटर असतो आणि बीसी ५४७ चा मधला पाय बेस. कलेक्टर त्याच टोकाला राहतो, बाकीचे दोन अदलाबदल होतात. दोन पायांवर बारीक स्लीव्ह चढवून ते एकमेकांवरून ओलांडून लावले, स्पीकरमध्ये खरखर सुरू झाली आणि संध्याकाळी स्टेशनंही लागली. पार्ट बरोबर होता, फक्त पाय कोणीच सांगितले नव्हते. टू एन ३९०४ हा आणखी एक पर्याय घेतला तर त्याचा क्रम बीसी ५४७ च्या बरोबर उलटा येतो, तेव्हा दरवेळी डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा किंवा तो स्वस्तातला कंपोनंट टेस्टर मिळतो त्यात घालून पाय बघून घ्या.

पाय जुळले की फ्रिक्वेन्सी. बीसी ५४७ चा ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सीचा (ज्या फ्रिक्वेन्सीला करंट गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो तो आकडा, एकवर येतो) आकडा ३०० मेगाहर्ट्झ दिसतो म्हणून लोक खूश होतात, पण तो १० मिलिअँपिअर करंटला असतो, आणि रेडिओच्या अँटेनाकडच्या पहिल्या स्टेजला आपण एखादाच मिलिअँपिअर देतो, तिथे तो बराच खाली येतो. पूर्ण ३०० धरले तरी शॉर्टवेव्हच्या ७ मेगाहर्ट्झला करंट गेन उरतो साधारण चाळीस आणि एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला फक्त तीन. म्हणजे ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफला बीसी ५४७ खुशाल लावा, एफएमच्या पहिल्या स्टेजला नको. शिवाय बीएफ ४९४ मध्ये कलेक्टर ते बेस कपॅसिटन्स (दोन पायांमधला आतला छोटा कपॅसिटर) एक पिकोफॅरडच्या आसपास असतो, बीसी ५४७ मध्ये त्याहून जास्त, त्यामुळे सिग्नल उलटा फिरून कधीकधी शिट्टी वाजते. बेसला सिरीजमध्ये छोटा रेझिस्टर टाकला की बहुतेकदा गप्प होते.

फेट म्हणजे फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, त्याचंही तसंच, एमपीएफ १०२ ऐवजी जे ३१० चालतो पण तो खूप जास्त करंट ओढतो (२४ ते ६० मिलिअँपिअर, एमपीएफचा २ ते २०), म्हणून सोर्सचा (फेटचा एक पाय) रेझिस्टर वाढवायलाच हवा.

हॅमवाल्यांसाठी, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून बोलणाऱ्यांसाठी, एक गोष्ट फार महत्त्वाची. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स ट्रान्सिव्हरमुळे (सिग्नल पाठवणारा आणि घेणारा सेट) आपल्याकडे कितीतरी जणांनी स्वतःचा सेट बनवला, त्याच्या फायनलला, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या स्टेजला, आयआरएफ ५१० हा ट्रान्झिस्टर लागतो. तो नसला की दुकानात आयआरएफ ५४० देतात, "इससे भी बड़ा है साहब". मोठा आहे हे खरं, पण त्याचा इनपुट कपॅसिटन्स १७०० पिकोफॅरडच्या आसपास आणि ५१० चा १८० च्या आसपास, एवढं ओझं आधीच्या छोट्या ड्रायव्हर स्टेजला ओढवत नाही आणि पॉवर निघत नाही. इथे थांबून ५१० च मागवावा. आणि ट्रान्समिटर लायसन्स हातात आल्यावरच चालू करायचा, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

आजोबांच्या जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये एएफ ११७ असेल तर पर्याय शोधण्याआधी एक करून बघा. त्याच्या धातूच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि डबीला शॉर्ट होतात. त्याच्या चार पायांपैकी शील्डचा, म्हणजे डबीला जोडलेला पाय, तेवढा कापला की पुष्कळदा सेट परत बोलू लागतो. सिलिकॉन लावायचाच झाला तर बायस (बेसला दिलेलं स्थिर व्होल्टेज) बदलावं लागतं, कारण जर्मेनियमला बेसवर ०.२ व्होल्ट पुरतात आणि सिलिकॉनला ०.६ लागतात.

आता विनंती. आपल्या पेपरात विज्ञानाच्या पानावर कधी सर्किट छापलं तर प्रत्येक ट्रान्झिस्टरसमोर त्याचं काम, पायांचा क्रम आणि बाजारात मिळणारे दोन पर्याय नक्की छापा, चार ओळींची जागा लागेल. आणि शहरातल्या कॉलेजांनी लॅबमधले जुने पार्ट भंगारात किलोवर देण्याआधी एकदा नोटीस लावावी. त्यात बीएफडब्ल्यू १० आणि एसएल १०० सारखे ट्रान्झिस्टर असतात, ते घ्यायला आम्ही स्वतः पिशव्या घेऊन येऊ.

आपला,
एक रेडिओप्रेमी वाचक
रामबाग, इंदूर