कपाटात पडलेलं ग्राफिंग कॅल्क्युलेटर आमच्या वाचनालयाला द्या

सप्रेम नमस्कार.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं आमच्या गावचं वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सर्वांत लहान. एक खोली, चार कपाटं, दोन पेपर आणि संध्याकाळी अभ्यासाला येऊन बसणारी पोरं. मागच्या उन्हाळ्यात गावातल्या एका घराची आवराआवर निघाली. त्या घरचा मुलगा अमेरिकेत शिकला आणि तिकडेच नोकरीला लागला. त्याच्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यात तळाशी एक जाडजूड काळं कॅल्क्युलेटर निघालं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचं टीआय-८३ प्लस. पुस्तकांबरोबर तेही आमच्याकडे आलं. रद्दीवाल्याला द्यायचं म्हणून बाजूला काढलेलं ते यंत्र आमच्या ग्रंथपालबाईंनी सहज चार बारीक सेल टाकून पाहिलं, तर चालू झालं.

तेव्हापासून वाचनालयात एक कॅल्क्युलेटर आणि अकरा पोरं असा संसार चालू आहे. तो नीट चालावा म्हणून हे पत्र.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समीकरण दिलं की त्याचा आलेख पडद्यावर काढून दाखवतं ते ग्राफिंग कॅल्क्युलेटर. बाजारात पहिलं आलं १९८५ साली, कॅसिओचं एफएक्स-७००० जी. प्रोग्राम ठेवायला त्यात जागा होती अवघी ४२२ बाइट, म्हणजे आंतरदेशीय पत्राएवढीसुद्धा नाही. आमच्याकडचं मॉडेल १९९९ मध्ये निघालं. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. चालू मेमरी २४ केबी. तुमच्या मोबाईलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. पण त्यावर 'पीआरजीएम' असं एक बटण आहे. ते दाबून आपण स्वतः प्रोग्राम लिहू शकतो आणि तिथंच चालवून पाहू शकतो. संगणक नको, इंटरनेट नको.

हे बटण पोरांनी दुसऱ्याच दिवशी शोधलं. पुढचं मात्र अडलं. पडद्यावर काही दाखवायचं तर 'डिस्प' असा आदेश द्यावा लागतो, एवढं एका जुन्या पुस्तकावरून कळलं. पोरं एकेक अक्षर दाबून तो शब्द लिहायची आणि यंत्र दर वेळी 'सिंटॅक्स एरर', म्हणजे लिहिण्यात चूक आहे, म्हणायचं. दोन दिवस हेच. शेवटी त्या अमेरिकेतल्या मुलाला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, अक्षरं जुळवून चालत नाही, प्रोग्राम लिहिताना तेच बटण पुन्हा दाबा, यादी उघडेल, तिथून अख्खा शब्द उचला. त्या यंत्राला अक्षरं वाचता येत नाहीत, प्रत्येक आदेश ते एका खुणेसारखा साठवतं. दोन दिवस अडलेलं काम दहा मिनिटांत सुटलं. दुसरी ठेच वजाबाकीची होती. त्यावर वजाची बटणं दोन असतात, एक वजा करण्याचं आणि एक ऋण संख्येचं. चुकीचं दाबलं की परत तोच एरर. तिसरी ठेच म्हणजे न संपणारा प्रोग्राम. एका पोरानं 'गोटू', म्हणजे 'अमुक ठिकाणी जा', हा आदेश लावून असा फेरा बांधला की यंत्र आपलं फिरतच राहिलं. पोरगं रडकुंडीला आलं, कॅल्क्युलेटर मोडलं म्हणून. 'ऑन'चं बटण दाबलं की थांबतं, हेही फोनवरूनच कळलं.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. तिकिटांची पेटी जाऊन हातात मशीन आलं तेव्हा आमचीही हीच गत होती, फरक इतकाच की आम्हाला शिकवायला माणूस आला होता.

आता ज्यामुळे कार्यकारिणीनं हा विषय मनावर घेतला ते सांगतो. नववीतली एक मुलगी कापसाचा हिशोब घेऊन बसली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात. तिनं चार ओळी लिहिल्या. यंत्र ओलावा विचारतं, त्यातून आठ वजा करतं, तेवढे टक्के भावातून कापतं आणि भाव दाखवतं. ११ टक्क्यांना ७८६६ रुपये ७० पैसे. वडिलांनी कागदावर करून पाहिलं, बरोबर निघालं. मग त्यांनी मुद्दाम १३ टाकायला सांगितले. यंत्रानं ७७०४ रुपये ५० पैसे दाखवले. ते म्हणाले, "बारापेक्षा जास्त ओल असली का गाडी वापस करते. तुया मशीननं भाव कसा काय देल्ला वं?"

प्रोग्राममधला 'इफ', म्हणजे 'जर असं असेल तर', हा आदेश कशाला असतो हे कोणत्याही पुस्तकानं यापेक्षा चांगलं शिकवलं नसतं. त्या रात्री प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढल्या: ओलावा बारापेक्षा जास्त असेल तर भाव दाखवायचा नाही, रोमन अक्षरांत 'परत' असं लिहायचं. त्या पडद्याला देवनागरी येत नाही. त्याचा उपायही पोरांनी काढला आहे, पुढे सांगतो.

दिवाळीच्या आधी हा प्रोग्राम गेला. सेल संपत आले होते, एका पोरानं चारही एकदम काढले आणि नवे आणायला दुकानात गेला. आत मेमरी जपायला एक बटणासारखा छोटा सेल असतो, तो कधीचाच मेला होता. नवे सेल टाकल्यावर पडद्यावर मेमरी पुसल्याचा निरोप. सगळं साफ. त्या मुलीनं तीन दिवस वाचनालयाचं तोंड पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आली आणि वहीतून पुन्हा लिहून काढला. आता प्रत्येक प्रोग्राम आधी वहीत आणि मग 'आर्काइव्ह'मध्ये जातो. तो भाग वेगळ्या मेमरीचा असतो, सेल गेले तरी राहतो. बटण-सेलही वर्ध्याहून आणून टाकला.

लोक विचारतात, संगणकच का नाही मागत? मागितले असते. पण आमच्याकडे संध्याकाळी लाइन गेली की कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. हे यंत्र चार सेलवर कित्येक आठवडे चालतं. मोबाईल आहेत, पण ते वडिलांसोबत शेतात असतात आणि रात्री घरी येतात तेव्हा त्यांच्यावर आधी लहान भावंडांचा हक्क असतो. मोबाईलवर ही कॅल्क्युलेटरं जशीच्या तशी चालवणारी ॲप आहेत, पण त्यात घालायची यंत्राची फाइल आपल्याच यंत्रातून काढलेली असली पाहिजे, नाहीतर ती चोरीच. शिवाय माझं स्वतःचं मत असं की मोबाईल हातात आला की पोरगं पाहत बसतं. या काळ्या डब्यात पाहण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे काहीतरी लिहावंच लागतं.

दुसरा प्रश्न पालकांचा. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथं लॉग टेबलच. मग हे कशाला? खरं आहे, मार्क वाढणार नाहीत, आणि तसं आम्ही कोणाला सांगतही नाही. ज्यांना हे पटलं नाही त्यांची मुलं येत नाहीत, आमची तक्रार नाही.

आता देवनागरीचं. पोरांनी चौकटीच्या वहीत 'क' काढला, भरलेले चौकोन मोजले आणि ग्राफच्या पडद्यावर 'पिक्सेल-ऑन' या आदेशानं एकेक ठिपका पेटवला. प्रत्येक ठिपक्याला ओळ आणि स्तंभ द्यायचा. ओळी ० ते ६२, स्तंभ ० ते ९४. आतापर्यंत क, प, स आणि र झालेत. जोडाक्षरांवर गाडी अडली आहे, रफार कुठं बसवायचा यावर दोन गट पडलेत. 'त' झाला की 'परत' मात्र मराठीत दिसेल.

याच्या पुढची पायरी म्हणजे यंत्राच्या पोटात शिरणं, आणि तिथं आम्हा मोठ्यांचं ज्ञान संपतं. आतला प्रोसेसर झेड-८० जातीचा. त्याच्याशी थेट त्याच्या भाषेत बोलता येतं. सर्वांत छोटा प्रोग्राम एका बाइटचा, 'सी९', म्हणजे फक्त 'परत जा'. पोरांना हा फार आवडला, कारण तो चालवला की काहीच होत नाही आणि तरी तो बरोबर असतो. यंत्राची मूळ प्रणाली बदलायला कंपनीनं कुलूप घातलं होतं. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार, दीडशेहून जास्त आकडी, हेच ते कुलूप. २००९ साली एका हौशी माणसानं घरच्या संगणकावर सुमारे ७३ दिवस हिशोब चालवून त्या संख्येचे अवयव पाडले, म्हणजे कुलूपच उघडलं. कंपनीनं हौशी लोकांना नोटिसा पाठवल्या, आणि डिजिटल हक्कांसाठी लढणारी एक संस्था त्यांच्या बाजूनं उभी राहिली. मूळ अवयवांचा धडा शाळेत सगळ्यांनाच असतो. ही गोष्ट ऐकल्यापासून आमच्याकडचा एक सातवीतला मुलगा दिसेल त्या संख्येचे अवयव पाडत सुटला आहे, परवा माझ्या गाडीच्या नंबराचेही पाडले.

तर आम्हाला काय हवं आहे.

आणखी पाच कॅल्क्युलेटरं. दोघांत एक असलं की बरं चालतं, एक दाबतो आणि दुसरा भांडतो. टीआय-८३ प्लस, टीआय-८४ प्लस, किंवा कॅसिओची एफएक्स-९७५० आणि एफएक्स-९८६० या मालिकेतली कोणतीही चालतील. रंगीत पडद्याचं टीआय-८४ प्लस सीई असेल तर उत्तमच, फक्त पाठवण्याआधी ते अपडेट करू नका. २०२० पासूनच्या नव्या प्रणालीत कंपनीनं प्रोसेसरच्या भाषेतले प्रोग्राम बंद केले आहेत. अमेरिकेत शिकून आलेल्यांच्या घरात, किंवा पुण्या-मुंबईत आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकलेल्या मुलांच्या कपाटात हे यंत्र हमखास पडून असतं. आपल्याकडे सगळीकडे मिळणारं साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर कृपया पाठवू नका. त्यात प्रोग्राम लिहिता येत नाही, आणि तशी आमच्याकडे आधीच सात जमली आहेत.

बंद पडलेलंही चालेल. सेल आत गळून पत्र्यांवर पांढरी-हिरवी पुटं चढली असतील तर व्हिनेगरच्या बोळ्यानं बऱ्याचदा निघतात. पडद्यावरच्या काही ओळी गायब असतील तर आतली पट्टी सुटलेली असू शकते. जुळलं तर जुळलं, नाहीतर उघडून आतलं दाखवायला कामी येईल.

केबल हवी आहे. दोन कॅल्क्युलेटरं थेट जोडून प्रोग्राम इकडून तिकडे देता येतो. तिची पिन अडीच मिलिमीटरची, हेडफोनच्या पिनेपेक्षा बारीक. टीआय-८४ प्लसला मिनी यूएसबी लागते, म्हणजे जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची वायर. ती कॅमेऱ्याच्या पिशवीत नक्की असेल, पाहा.

पैशांचं असं आहे. सहा यंत्रांना दोन-दोन संच धरून ४८ रिचार्जेबल बारीक सेल आणि दोन चार्जर, साडेसात हजार. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि यंत्र उघडायला चांदणीच्या टोकाचा टी-६ स्क्रूड्रायव्हर, अडीच हजार. चौकटीच्या वह्या आणि मराठीत छापायची माहितीपत्रकं, एक हजार. एकूण ११,०००. गावातून ३,४०० जमले आहेत, त्यातले २०० त्या नववीतल्या मुलीच्या वडिलांचे. उरले ७,६००. यापेक्षा जास्त घेणार नाही, जमले की कळवू आणि बंद करू. वाचनालयाच्या पावतीपुस्तकातली पावती मिळेल. ८०जीची करसवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो.

सगळ्यात जास्त गरज माणसाची आहे. वर्धा, अमरावती, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारं कोणी महिन्यातले दोन रविवार देऊ शकेल का? शिकवायला नाही आलं तरी चालेल, फोनवर दहा मिनिटं मिळाली तरी आमचे दोन दिवस वाचतात. सध्या वेचणी चालू आहे, पोरं सकाळी शेतात असतात. त्यामुळे वर्ग संक्रांतीनंतर, रविवारी दुपारी चारला.

परदेशातून कुरिअरनं काही पाठवू नका, सीमाशुल्काची कटकट होते. डिसेंबरात कोणी घरी येत असेल तर त्याच्या बॅगेत टाका, नागपुरातून आम्ही घेऊन येऊ. ज्यांच्याकडून हे पत्र तुमच्यापर्यंत आलं त्यांनाच निरोप द्या, तो आमच्यापर्यंत पोचतो.

येणाऱ्यांसाठी आर्वीहून एसटी आहे, परतीची शेवटची साडेपाचला. ती चुकली तर मुक्काम ग्रंथपालबाईंच्या घरी आणि जेवायला झुणका-भाकर. टी-६ स्क्रूड्रायव्हर असेल तर सोबत आणावा, आमचा यायला अजून वेळ आहे.

आपले,
सचिव आणि कार्यकारिणी, गाव वाचनालय