गोळी चुकते ती पाकीट बदलताना

महोदय,

‘गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाच दिवस राहिले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला आधी एकच विचारावं लागतं: मागचं पाकीट संपल्यावर नवं कधी सुरू केलंत? ‘पाळी पूर्ण थांबल्यावर’ किंवा ‘आशाताई आल्या तेव्हा’ हे उत्तर फार वेळा मिळतं, आणि चूक बहुधा तिथेच झालेली असते.

‘माला-एन’ किंवा ‘माला-डी’च्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरकं (0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल) आणि 7 गडद रंगाच्या गोळ्यांत नुसतं लोह. पांढऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत बीजकोशाचं काम थंडावलेलं असतं. लोहाच्या आठवड्यात तो पुन्हा जागा व्हायला लागतो. सात दिवसांची ही सुट्टी खपून जाते, पण ती नऊ-दहा दिवसांवर गेली की बीज सुटू शकतं. म्हणून 28वी गोळी झाली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट. रक्तस्राव चालू असो वा थांबलेला. पुढचं पाकीट आधीच घरात हवं, हे ओघानं आलंच.

एक पांढरी गोळी विसरली तर आठवताच घ्यावी आणि त्या दिवशीची नेहमीच्या वेळी. एका दिवसात दोन झाल्या तरी बिघडत नाही. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर त्यांतली शेवटची लगेच घ्यावी, आधीच्या सोडून द्याव्यात, बाकीच्या रोज चालू ठेवाव्यात आणि सात दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर लोहाच्या गोळ्या टाकून द्याव्यात आणि पांढऱ्या संपताच नवं पाकीट उघडावं. त्या महिन्यात पाळी येणार नाही, घाबरू नये. लोहाची गोळी चुकली तर काळजी नाही, फक्त दिवस मोजायला चुकू नये.

पहिले दोन-तीन महिने मध्येच डाग लागतात, मळमळतं. यालाच कंटाळून गोळी सोडणाऱ्या कितीतरी. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. पुढे मूल होणार नाही ही भीतीही निराधार आहे. गोळी सोडल्यावर लगेच दिवस राहू शकतात.

‘छाया’ या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीचं गणित वेगळं, आणि तीही रोज घेणाऱ्या बायका भेटतात! पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो बुधवार असेल तर पहिले तीन महिने दर बुधवारी आणि शनिवारी, नंतर फक्त बुधवारी. सात दिवसांहून कमी उशीर झाला तर लगेच घेऊन ठरलेले वार पाळावेत आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. त्याहून जास्त झाला तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. हिच्यात संप्रेरकं नाहीत, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजणाऱ्या आईला ‘माला-एन’ मात्र देऊ नये.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅम) असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते; राहिलेला गर्भ पाडत नाही, आणि त्यानंतरच्या संबंधांना संरक्षणही देत नाही. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करावी. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या कामी गोळीपेक्षा भरवशाची, पण हे काउंटरवर कोण सांगणार?

मंगळागौर किंवा गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन. 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. त्या काळात गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबू नये.

पाकीट हातात देण्याआधी रक्तदाब मोजायलाच हवा. तो 140/90 किंवा वर असेल, पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठत असेल, किंवा पस्तिशीपुढे धूम्रपान चालू असेल, तर ‘माला’ नको.

आणि चालू औषधं विचारावीत. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिट्ससाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यकृताला संप्रेरकं झपाट्यानं निकामी करायला लावतात; गोळी नेमानं घेतली तरी ती पुरत नाही. अशा बाईला तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सुचवावं. रिफाम्पिसिन थांबल्यावरही त्याचा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो, तोवर गोळीवर भिस्त ठेवू नये.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली