ती २२.२ कुणाची होती ते सापडलं

अरे मित्रा,

किती दिवसांनी लिहितोय हे मोजायला बसलो तर लिहिणारच नाही, म्हणून थेट सुरू करतो. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून दुखते, बाकी सगळं चालू आहे.

आपलं ते बेअरिंग बसवायचं हाऊसिंग आठवतंय ना, त्याची डिझाइनची फाईल उडाली. सरांनी नवीन बॅचच्या मुलांना शिकवायला ते परत मागितलं होतं, म्हणून मी दोन महिने जुन्याच मॉडेलवर बसून नवीन रिब्स, माउंटिंगची भोकं असं बरंच वाढवलं होतं. पेन ड्राईव्हवरूनच फाईल उघडली, काम केलं, सेव्ह केलं आणि इजेक्ट न करता ड्राईव्ह ओढून काढला. स्क्रीनवर सेव्ह झालं असं दिसलं तरी सगळं खरंच ड्राईव्हवर उतरलेलं नसतं, थोडं अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच असतं, हे तू मला किती वेळा सांगितलंयस. सकाळी फ्रीकॅडमध्ये, आपल्या त्या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडेना. शेजारचा बॅकअप बघितला तर तो शून्य बाइटचा. जुनी एक स्टेप फाईल होती, पण स्टेपमध्ये नुसता मुका सॉलिड येतो रे, ना स्केच ना फीचर ट्री, म्हणजे तो कसा बनवला त्या पायऱ्यांची यादी, त्याला काय करू.

आधी खराब फाईलची कॉपी काढली आणि मूळ फाईलला हातच लावला नाही, एवढं शहाणपण तुझ्याकडून आलंय. मग हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. पहिलीच दोन अक्षरं पीके. तू एकदा कॅन्टीनमध्ये सांगितलं होतंस की फ्रीकॅडची फाईल म्हणजे आतून साधी झिप असते आणि मी म्हटलं होतं की मला काय करायचंय त्याचं. आता कळलं काय करायचंय ते. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते, आणि माझ्या फाईलचा शेवटच गेला होता, तिथे नुसती शून्यं. म्हणून कुठलाही प्रोग्राम फाईल खराब म्हणून हात वर करतो. पण आतल्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याचं स्वतःचं हेडर असतंच, ते एकेक शोधत गेलं तर बराच माल निघतो. झिप कमांडला डबल एफचा पर्याय असतो ना, तो नेमकं हेच करतो. चालवला आणि श्वास रोखून बसलो.

डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल अख्खी निघाली! पहिल्यापासून शेवटपर्यंत! बीआरपीच्या फाईली, म्हणजे तयार आकार, त्यातल्या मागच्या बऱ्याच अर्धवट तुटलेल्या. पण आकार परत काढता येतो, माप गेलं तर काय काढणार? आणि मापं सगळी त्या एक्सएमएलमध्ये साध्या अक्षरांत, प्रत्येक स्केचची, त्यावर घातलेल्या प्रत्येक बंधनाची, कन्स्ट्रेंटची. खाली वाचत गेलो तर तुझी लेबलं. 'मोटर बाजू', 'झाकण नंतर', आणि ते एक स्केच 'इथे हात लावू नको'. अरे, मी खुर्चीत बसून मोठ्याने हसलो. ते माझ्यासाठीच लिहिलं होतंस ना? लांब्या म्हणायचा की तू स्वतःच्या मुलांची नावंसुद्धा अंडरस्कोर टाकून ठेवशील.

तुटक्या बीआरपी वगळल्या, उरलेलं परत झिप केलं, एक्स्टेन्शन बदललं, उघडलं. ट्री आली. सगळं रीकम्प्यूटला, म्हणजे आकार परत काढायला, टाकलं तर स्केच आणि त्यांना जाडी देणारे पॅड पटापट उभे राहिले आणि फिलेट, म्हणजे कडांच्या गोलाया, एकामागून एक एरर देत लाल. तेच आपलं जुनं भांडण. फिलेट शेवटी टाक, फिलेट शेवटी टाक, असं तू ओरडायचास. जुन्या व्हर्जनमध्ये फिलेट कडेला नुसत्या नंबरने ओळखतो, एज सतरा, एज बावीस, आणि मध्ये एक भोक वाढवलं की नंबर इकडचे तिकडे. फ्रीकॅड १.० मध्ये ते बरंच सुधारलंय, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं ते, पण आपली फाईल त्याच्या आधीची. दोन रात्री एकेक कड हाताने निवडत बसलो. तुझं बरोबर होतं.

पण पत्र त्यासाठी नाही लिहीत.

फिलेट झाल्यावर एकेक माप तपासत होतो, तेव्हा बेअरिंगच्या सीटवर, म्हणजे ते बसतं त्या भोकावर, आलो. ६०८ बेअरिंग, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आणि स्केचमध्ये भोक २२.२, म्हणजे सैल. बघ, अजूनही तीच चूक तशीच पडलीय, असंच मनात आलं माझ्या. डेमोच्या दिवशी सरांसमोर बेअरिंग हाऊसिंगमध्ये गरागरा फिरून बाहेर आलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो की सीटचं स्केच याचं आहे. तू काहीच बोलला नाहीस. तुझं ते गप्प राहणं मला तेव्हा कबुली वाटलं.

मूळ माप काय होतं बघावं म्हणून लॅपटॉपमधलं जुनं फोल्डर उघडलं. वीस बॅकअप ठेवायचं सेटिंग तू दोघांच्या मशीनवर केलं होतंस, फोल्डर भरतो म्हणून त्यावरही मी भांडलो होतो. वीसच्या वीस होते. एकेक एक्सएमएल काढून तुलना केली. तुझ्या सगळ्या सेव्हमध्ये सीट २१.९५. डेमोच्या आदल्या रात्री १ वाजून ४० मिनिटांनी २२.२, आणि शेवटचा बदल कुणाचा, तर माझं नाव. सेव्ह करताना नाव नोंदवायचं सेटिंगही तुझंच.

मग सगळं आठवलं रे. त्या रात्री पहिल्या प्रिंटमध्ये बेअरिंग बसेना, तू झोपला होतास, मी तात्पुरतं मोठं करून परत प्रिंट लावली, सकाळी परत करू म्हटलं आणि विसरलो. 'इथे हात लावू नको' हे त्याच स्केचचं लेबल. माझ्या मनात लबाडी नव्हती तेव्हा, हे खरं, पण तपासायला दहा मिनिटं लागली असती आणि मी ती काढली नाहीत. तीन वर्षं तुझ्यावर राग धरून बसलो, तुझे फोन घेतले नाहीत. तुला तेव्हाच माहीत होतं का? माहीत होतं तर बोलला का नाहीस? मला हे विचारायचंय, खरंच उत्तर दे.

सरांना उद्या फोन करतोय, फाईल द्यायच्या आधी. डेमोचं स्पष्ट सांगणार, माझ्या नावाने. पण ते त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं.

तुझी नवीन नोकरी लागली असं लांब्याकडून कळलं, घर बदललंस हेही. आईंचा गुडघा कसाय? छोटी आता बोलायला लागली असेल ना. सगळं लिही, मी काहीच विचारलं नाही इतके दिवस.

फाईल सोबत जोडलीय. सीट २१.९५ केलीय, चेक जॉमेट्री चालवली, काही एरर नाही. फक्त मोटर बाजूच्या तिसऱ्या रिबचा फिलेट काही केल्या घेत नाहीये, त्रिज्या कमी करूनही नाही. बघतोस का जरा? त्या स्केचला मी हात लावलेला नाही.

तुझाच