सुखटणकर हे नाव नीट म्हणून पाहणाऱ्या आजोबांना

प्रिय आजोबा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. नॉटिंगहॅमला राहणारा माझा धाकटा भाऊ ते तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल. पण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळावं, म्हणून असं उघडपणे लिहावंसं वाटलं. तुमचं नाव घालत नाही. "नावं घ्यायची ती भिंतीवरच्यांची," असं तुम्ही म्हणाला होतात, ते पाळते.

त्या दिवशी इंग्लंडमधल्या लिंकनच्या कॅनविक टेकडीवर वारा नुसता घोंगावत होता. भाऊ गाडी लावायला गेला आणि मी एकटीच तिथल्या स्मारकाच्या मनोऱ्याकडे चालत निघाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडमधले, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्ब टाकणाऱ्या विभागातले, जे गेले त्यांचं हे स्मारक. त्यांच्या लँकेस्टर या बॉम्बर विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढे, तेवढीच मनोऱ्याची उंची, १०२ फूट, हे मला नंतर तुमच्याकडून कळलं. तेव्हा मी बघत होते त्या भोवतालच्या भिंती. गंजाच्या रंगाचं पोलाद, आणि त्यावर नावं. कोरलेली नव्हे, आरपार कापलेली. एकेका अक्षरातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. काही नावांपाशी कोणी कोणी लाल पॉपीची फुलं खोचून ठेवली होती. अशी जवळजवळ ५८,००० नावं.

मी 'एस'च्या पट्ट्यांपुढे उभी राहून बोटाने एकेक ओळ वाचत होते. सुखटणकर शोधत होते. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ८३ स्क्वाड्रन या तुकडीत नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारे, होते, डीएफसी हे शौर्यपदक त्यांना मिळालं होतं, एवढं मी वाचलं होतं. आपल्याकडचं आडनाव, आणि जर्मनीच्या आभाळातला माणूस! मला ते नाव हाताने चाचपून बघायचं होतं. सापडेना. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, पाय दुखायला लागले होते, आणि उगाचच वाटायला लागलं की आपल्या माणसाला यांनी गाळलं की काय.

तेवढ्यात तुम्ही मागून येऊन विचारलंत, "कोणाला शोधताय?" मी स्पेलिंग सांगितलं. तुम्ही मला बाकावर बसवलंत, आत जाऊन यादी बघून आलात. परत येताना तुमचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, सापडलं! तुम्ही म्हणालात, "ते इथे नाहीत. ते घरी परतले होते."

खरं सांगते आजोबा, पहिल्या क्षणी मला वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन नाव नाही म्हणून. आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. ज्या भिंतीवर नाव नसणं म्हणजे माणूस जिवंत राहणं, तिथे मी ते नाव असावं म्हणून धडपडत होते. तुमच्या ते लक्षात आलं असणार. पण तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. शेजारी बसलात आणि मला नॅव्हिगेटर म्हणजे काय ते सांगायला लागलात.

ते अजून जसंच्या तसं आठवतं. माहितीपत्रकाची मागची कोरी बाजू तुम्ही गुडघ्यावर धरलीत आणि पेन्सिलीने विमान काढलंत. पुढे वैमानिक, शेजारी इंजिनिअर, नाकात बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला, पाठीवर बंदूक चालवणारा एक गनर, शेपटीत दुसरा. आणि मध्ये पडद्याआड, लहानशा दिव्याखाली, नकाशा, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसलेला नॅव्हिगेटर. बाहेर आग लागलेली असो की सर्चलाइट फिरत असोत, त्याने मान खाली घालून हिशेब करत राहायचा. वारा किती, दिशा कुठली, आपण आता कुठे आहोत. सात जणांचं घरी परतणं त्या पेन्सिलीच्या टोकावर. त्यातही ८३ स्क्वाड्रन पाथफाइंडर दलातलं, म्हणजे सगळ्यांच्या आधी पोहोचून रंगीत दिव्यांनी लक्ष्य दाखवून देणारं. त्यांचा हिशेब चुकला की मागच्या सगळ्यांचा चुकला.

ते सात जण एकत्र कसे येत, तेही तुम्हीच सांगितलंत. मोठ्या हँगरमध्ये सगळ्यांना सोडायचे आणि म्हणायचे, तुमचे सोबती तुम्हीच निवडा. हुकूम नाही, यादी नाही. सरासरी वय २२ च्या आसपास. ज्याच्याशी दोन शब्द जुळले, त्याच्या भरवशावर तीस मोहिमांची एक फेरी पुरी करायची. विमानातून असं उडणाऱ्या १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ परतले नाहीत, आणि एकूण एक सगळे स्वखुशीने आलेले. माझा मुलगा एकोणीसचा आहे. तुम्ही आकडा सांगितलात तेव्हा मला त्याचे बूट आठवले, दारात कसेही फेकलेले.

मी अडखळत हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेनचं, यांच्या बॉम्बनी जळालेल्या त्या जर्मन शहरांचं, विचारलं. तुम्ही टाळलं नाहीत. आगीत गेलेली माणसंही कोणाची तरी होती, त्यांच्याबद्दल आतल्या दालनात वाचून मगच जा, असं म्हणालात. त्याच दमात १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांतलं सांगितलंत. तीच लँकेस्टर विमानं हॉलंडमधल्या उपाशी लोकांसाठी अगदी खालून उडत अन्नाची पोती टाकत होती, आणि डच लोकांनी ट्युलिपच्या फुलांनी जमिनीवर आभाराची अक्षरं लिहिली होती. या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच आवाजात सांगितल्यात, म्हणून माझा तुमच्यावर विश्वास बसला.

आणि मग ते नाव. इंग्रजी स्पेलिंग वाचून तुम्ही 'सुकथंकर' म्हणत होतात. मी म्हटलं, सुखटणकर. तुम्ही पुन्हा म्हणालात, पुन्हा चुकलं. मी म्हटलं, राहू दे हो, चालतं. तुम्ही मान हलवलीत. "नाही, चालत नाही. माणूस उरत नाही तेव्हा नावच उरतं, ते तरी नीट घ्यायला हवं." तुमची जीभ 'ट'ला टाळ्याशी लागेना आणि 'ण' तर निघेचना. वाऱ्यात, बाकावर बसून, सात-आठ वेळा. शेवटी निघालं. मग तुमच्या वहीत ते मराठीत लिहून मागितलंत, आणि मी लिहिलेल्या शब्दाखाली तुम्ही तो स्वतः काढून पाहिलात. शिरोरेघ आधी काढलीत आणि अक्षरं तिला खाली लटकवलीत.

दुसऱ्या दिवशी भावाने मला लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक दाखवलं. सात ब्राँझचे पुतळे, आणि वर बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरच्या ॲल्युमिनियमचं छत. २०१२ साली उभं राहिलं म्हणे, युद्ध संपल्यानंतर ६७ वर्षांनी. मी सातही जणांकडे बघून कोण कुठे बसत असेल ते ओळखत होते. तुमचा कागद पर्समध्ये होता.

आता खरं सांगायचं ते सांगते. मी खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात होते. खडकीच्या युद्ध दफनभूमीवरून आमचं येणंजाणं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथे आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातल्या ठिकठिकाणच्या स्मशानांतून आणलेल्याही. हिरवळ छान, सावली छान, एवढंच आम्हाला माहीत. इतक्या वर्षांत मी एकाही दगडावरचं नाव थांबून वाचलं नव्हतं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी गेले. तिथला माळी पाइपने पाणी घालत होता, म्हणाला, "ताई, कोणाला शोधताय?" अगदी तुमचाच प्रश्न. मी म्हटलं, कोणाला नाही, सगळ्यांनाच वाचायचंय. पंख पसरलेला गरुड ज्या दगडांवर आहे ते हवाई दलाचे, हे आता मला कळतं. त्यांच्यापासून सुरुवात केली. नाव मोठ्याने घ्यायचं, वय बघायचं, पुढे जायचं. आता दर रविवारी एक रांग करते. मुलगाही दोनदा आला.

त्यातल्या एका दगडावर अडले आहे. आडनाव वेल्श असावं, सुरुवातीलाच दोन 'एल' आहेत. मी 'ल' म्हणून पाहिलं, 'ल्ल' म्हणून पाहिलं, दोन्ही बरोबर वाटत नाहीत. आडनाव वेगळ्या कागदावर उतरवून भावाकडे दिलं आहे. कसं म्हणायचं ते त्याच्या फोनवर बोलून पाठवा. कितीही वेळा म्हणून बघायची माझी तयारी आहे.

तुमची,
खडकीची एक लेक