बोटीच्या फोल्डिंग सीटची सैल बिजागरी आणि तुमची वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला आणि लिहायला बसलो. पाठ दुमडणाऱ्या सीटची बिजागरी तुम्हीच बनवता, त्यामुळे तिचं वर्णन करत नाही. तिची काय गत झालीय तेवढं सांगतो. पाठ हलवली की ती खडखडते. स्क्रू काढला तर अ‍ॅल्युमिनियमच्या भोकाभोवती पांढरी भुकटी, भोक लांबट झालेलं, आणि स्क्रू तांबड्या गंजाने भरलेला. अ‍ॅल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू मारून खाऱ्या पाण्यात नेला की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणारच. देवबागच्या कुठल्याही बोटवाल्याला हे कळतं. तुमच्या कारखान्यात कळत नाही, हे मला पटत नाही.

तुमच्या माणसाने आज विचारलं, "सर, सीटला खारं पाणी लागलं होतं का?"

मी म्हटलं, अहो, बोटीची सीट आहे ती.

"हो सर, पण खारं पाणी लागलं होतं का?"

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बोट चालते, लाट आत येते, माणसं भिजतात, सीटही भिजते, असं सगळं नीट समजावलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग ते वॉरंटीत बसत नाही." तुमच्या खोक्यावर समुद्रातल्या बोटीचा फोटो छापलाय, हे सांगितलं. "तो फक्त फोटो आहे, सर." बरं, बिजागरी विकत द्या म्हटलं. "सुटी मिळत नाही, पूर्ण सीट घ्यावी लागेल." आणि वर सल्ला दिला, "तोपर्यंत पॅसेंजरना टेकू नका म्हणून सांगा."

हे वाक्य तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने वाचा. बोट लाटेवर आपटते तेव्हा माणूस पाठीलाच रेटला जातो. एका आजींची पाठ टेकली आणि सीट धाडकन मागे गेली. शेजारच्या मुलाने दंड धरला म्हणून त्या बोटीत राहिल्या. तेव्हापासून त्या सीटवर मी कुणालाही बसवत नाही.

खालच्या फळीतली स्क्रूची भोकं मी इपॉक्सी गोंदाने भरून पुन्हा पाडून घेतली. पण बिजागरीची पिनच झिजलीय, तिला इपॉक्सी काय करणार? मला दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. सोबत त्याच ग्रेडचे आरपार जाणारे बोल्ट, मोठे वॉशर आणि आत नायलॉनचं कडं असलेले नायलॉक नट द्या. इंजिनाच्या थरथरीने साधा नट सुटतो. पूर्ण सीट मला नको. गादी, चौकट सगळं धड असताना बिजागरीसाठी सीट फेकायची, ही कसली पद्धत?

बोट धंद्याची म्हणून मी ग्राहक नाही, असंही मागे एकदा ऐकवलं गेलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढून बघा. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात ग्राहकाचीच धरली आहे, आणि ही बोट मी स्वतः चालवतो. पंधरा दिवसांत बिजागऱ्या आल्या नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

माझ्या शब्दावर इथल्या आणखी बोटवाल्यांनी तुमच्याच सीट घेतल्यात. त्यांना मी आता काय तोंड दाखवू? लेखी उत्तर द्या, आणि बिजागरी सुटी मिळत नाही हे पुन्हा कळवू नका.

तुमचा ग्राहक,
देवबाग, ता. मालवण