उलानबातरहून आई-बाबांना

उलानबातर, मंगोलिया,
रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. उणे पंचवीसची बातमी टीव्हीवर बघून आई रात्रभर झोपली नाही, असं ताई म्हणाली. अगं, ती थंडी बाहेर. शहरभर नळांतून गरम पाणी खेळवलेलं आहे, खोलीत मी साध्या कुडत्यावर असते. खोकला गेला. मेतकुटाची बरणी अजून अर्धी आहे. हिवाळ्यात इथल्या वस्त्यांत कोळसा जळतो, त्याचा धूर असतो, पण मी मास्क लावल्याशिवाय बाहेर पडत नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते. परवा बसमध्ये माझा बूट एका आजोबांच्या बुटाला लागला. सवयीने मी वाकून हात लावला, कपाळाला नेला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हातमोजा काढून हात पुढे केला. मला वाटलं, उठायला आधार हवा आहे. मी धरून उठवायला लागले तर सगळी बस हसली! मैत्रिणीने नंतर समजावलं. इथे चुकून पाय लागला की दोघांनी हातात हात द्यायचा. बोलायचं नाही, माफी मागायची नाही, नुसता स्पर्श झाला तरी पुरे. बहुधा ज्याचा पाय लागला तोच हात पुढे करतो. मी केला नाही म्हणून आजोबांनी केला. नाही दिला तर पुढे दोघांत वैर येतं म्हणे. बाजाराच्या गर्दीत माणूस चार पावलं पुढे गेलेला असतो, तरी मागे वळून हात देऊन जातो. आपल्याकडे ज्याची चूक तो एकटाच वाकतो. इथे एकट्याने भागत नाही, समोरच्यालाही हात काढावा लागतो. किती दिवस मी हेच डोक्यात घेऊन फिरते आहे.

बाबा, तुम्ही फोनवर येत नाही म्हणून हे पत्र. "मेलेल्या मंगोलांचा इतिहास शिकून पोट भरतं का?" असं तुम्ही काकांना म्हणालात, ते कानावर आलं. मी इथे भटकायला आलेले नाही. शिष्यवृत्तीत राहणं-खाणं भागतं, आणि मी शिकते आहे ते एकदा ऐकून तरी घ्या.

ऑक्टोबरात आम्ही काराकोरमला जाऊन आलो, इथून साडेतीनशे किलोमीटर. चंगीजच्या मुलाने वसवलेली राजधानी. जमिनीवर आता फारसं काही नाही. गवतात एक दगडी कासव बसलेलं आहे, आणि शेजारी एर्देने झू मठ, त्याच्या तटावर १०८ स्तूप. जुन्या राजधानीचेच दगड मठाला लागले. १३७० मध्ये एक राजपुत्र थोड्याशा स्वारांनिशी जीव घेऊन इथे पोचला होता. नाव आयुशिरीदारा. मूळ संस्कृत, आयुःश्रीधर. तिबेटी बौद्ध धर्माबरोबर अशी नावं इकडे आली. आपल्या गणपती आळीत "श्रीधर" म्हणून हाक मारली तर चार जण वळून बघतील.

त्याचे वडील तोगोन तेमूर, चीनवरचे मंगोल बादशहा. लहानपणी त्यांना कोरियाजवळच्या एका बेटावर हद्दपार केलं होतं. १३३३ मध्ये, तेराव्या वर्षी, तख्त मिळालं, तेही दुसऱ्यांच्या हातातलं बाहुलं म्हणून. इतक्या भीतीतून मिळालेली गोष्ट माणूस सहज सोडत नाही, हे मला कळतं. पण पुढे कारभार बघायचा सोडून ते राजवाड्यात ड्रॅगनच्या आकाराची नाव आणि पाण्यावर चालणारं घड्याळ करण्यात रमले. बाहेर पीत नदीचे पूर, रोगराई, बंडं. तिजोरी रिकामी म्हणून कागदी नोटा छापत सुटले आणि भाव गगनाला भिडले. दक्षिणेचा तांदूळ त्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, येईना. माल येत नसेल तर दुकान किती दिवस उघडं राहतं, हे तुम्हाला मी काय सांगणार?

मुलाला १३५३ मध्ये युवराज केलं, पण समारंभाला १३५५ उजाडलं. म्हणजे नाव दिलं, किल्ली दिली नाही. मुलालाही दम निघेना. त्याची आई, सम्राज्ञी गी, कोरियातून नजराणा म्हणून आणलेली मुलगी. तिला वाटे नवऱ्याने बाजूला व्हावं आणि मुलाने बसावं. बाबा, तुम्ही लगेच आनंदीबाई म्हणाल. मेणवलीच्या घाटावर तुम्ही 'ध'चा 'मा' सांगायचात, तेव्हाही मला ते पटत नसे. घर फुटलं की बाईच्या माथी मारायचं आणि पुरुष मोकळे. दरबारात दोन तट पाडणारे सरदार होतेच की! १३६४ मध्ये बोलाद तेमूर फौज घेऊन राजधानीत घुसला, युवराज तैयुआन शहरी दुसऱ्या सरदाराकडे, कोके तेमूरकडे पळाला. पुढच्या वर्षी बोलादचा खून झाला आणि कोकेने युवराजाला परत आणलं. गीची इच्छा होती की त्याने फौजेसह शहरात शिरून बादशहाला पायउतार करावं. कोकेने फौज वेशीबाहेरूनच माघारी पाठवली. बापलेकांच्या भांडणात त्याने तलवार घातली नाही. मला या सगळ्या कथेत तोच माणूस मोठा वाटतो. आणि युवराजाने नेमका त्याच्यावरच राग धरला, १३६७ मध्ये लष्कराचा कारभार आपल्याकडे घेऊन त्याचे अधिकार काढले. चीनमधल्या बंडातून उभ्या राहिलेल्या मिंग घराण्याच्या फौजा तोवर निघाल्या होत्या. सप्टेंबर १३६८ मध्ये बापलेक एकाच रात्री, एकाच दरवाजाने पळाले.

वडील १३७० मध्ये परागंदा असतानाच गेले. त्याच धावपळीत युवराजाचा मुलगा मिंगांच्या हाती लागला. मग हा श्रीधर खान झाला, आणि ज्याचे अधिकार काढले त्याच कोकेला त्याने जवळ केलं. १३७२ मध्ये दोघांनी मिंगांची मोठी फौज मागे रेटली. १३७४ मध्ये मुलगाही परत मिळाला. म्हणजे त्याच्यात धमक होती, बाबा. राज्य मात्र गेलेलं होतं.

दादा गल्ल्याची किल्ली मागतो, त्यात तुम्ही जाण्याची वाट बघणं नाही. तो बारा वर्षं पोती उतरवतो आहे. आजोबांच्या मागे तुम्ही एकट्याने उधाऱ्या फेडून दुकान कसं राखलंत, ते तोही जाणतो. काकांनी दोन्हीकडे बोलणं थांबवावं. मी तिथे असते तर तुम्हा दोघांना एका ताटावर बसवलं असतं. नाही आहे, ते मलाच लागतं.

दादाच्या लग्नाला येणं होत नाहीये. मेमध्ये परीक्षा आहे, आणि तिकिटाचे पैसे खर्चण्यापेक्षा ते लग्नाला लागतील. शिकवण्यांचे साठवलेले वीस हजार दादाच्या खात्यावर टाकते आहे. मांडवाला नाही, वहिनीच्या पाटल्यांना वापरा. माझ्यासाठीच्या साताऱ्याच्या स्थळाला नाही म्हणू नका आणि हो पण म्हणू नका. मुलगा वर्षभर थांबत असेल तर मी बोलेन त्याच्याशी. पत्रिका जुळते एवढं सांगून आत्याने त्यांना शब्द दिला नसेल ना?

आईचा गुडघा कसा आहे? डॉक्टरकडे जायचं टाळू नको.

तुमची,
छकुली

ता. क. आई, बाबांना हे तूच वाचून दाखव, रात्री दुकान बंद झाल्यावर, दादाही जेवायला बसला असेल तेव्हा.