नुसते '८९ए' म्हणून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतील ॲरिझोनावरच्या लेखात 'फ्लॅगस्टाफहून ८९ए पकडा' असा सल्ला आहे. तो तसाच पाळणाऱ्याची पंचाईत होईल, कारण या राज्यात ८९ए क्रमांकाचे महामार्ग दोन आहेत. एक प्रेस्कटहून जेरोम, सेडोना करत ओक क्रीकच्या दरीतून फ्लॅगस्टाफला चढतो. दुसरा फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला शंभरेक मैलांवर, बिटर स्प्रिंग्जला फुटतो आणि मार्बल कॅन्यनपाशी कोलोरॅडो नदी ओलांडून जेकब लेककडे जातो. पहिला राज्य मार्ग, दुसरा यूएस मार्ग, म्हणजे देशभरच्या महामार्गांच्या यादीतला. दोघांची कुठेही गाठ पडत नाही. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठासाठी दुसरा हवा. जेकब लेकहून पुढे राज्य मार्ग ६७ लागतो आणि तो हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. दक्षिण काठाला जायचे तर दोन्ही ८९ए विसरा: फ्लॅगस्टाफहून यूएस १८० आणि पुढे राज्य मार्ग ६४.

म्हणून आकड्याआधी पाटीचा आकार पाहावा. लाल-निळी ढाल म्हणजे इंटरस्टेट (द्रुतगती महामार्ग, आकड्याआधी 'आय'), काळ्या चौकोनातली पांढरी ढाल म्हणजे यूएस मार्ग आणि ॲरिझोनाच्या नकाशाच्या आकाराची पाटी म्हणजे राज्य मार्ग.

एक राज्य मार्ग आणि एक यूएस मार्ग हा घोळ झाला तो यूएस ८९ आखूड केल्यामुळे. पूर्वी हा रस्ता मेक्सिकोच्या सीमेवरील नोगालेसपासून निघायचा. १९९२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या दक्षिणेचा भाग यूएस यादीतून वगळला गेला. काही तुकडे राज्य मार्ग म्हणून जुन्याच आकड्याने उरले, मैलांची मोजणी मात्र कुणी नव्याने केली नाही. त्यामुळे यूएस ८९ आज फ्लॅगस्टाफला सुरू होतो तो ४१८व्या मैलाच्या आसपास! आय-१७चेही तेच. फीनिक्स ते फ्लॅगस्टाफ हा रस्ता जेमतेम १४६ मैलांचा, पण त्याचे एक्झिट (बाहेर पडायच्या वाटा; त्यांचे क्रमांक मैलांवरून ठरतात) १९४पासून ३४०पर्यंत जातात, कारण आधीच्या रस्त्याची मोजणी तशीच पुढे चालवली. एक्झिट क्रमांक पाहून 'फीनिक्सपासून ३०० मैल आलो' असा हिशोब केला तर तो साफ चुकेल. दोन एक्झिटमधली वजाबाकी तेवढी खरी.

उपयोगही याच मोजणीचा होतो. रस्त्याकडेच्या अरुंद पाटीवरचा मैल ३७०-३८०च्या घरात असेल तर तुम्ही सेडोनाजवळच्या ८९ए वर आहात; ५३०च्या पुढे असेल तर मार्बल कॅन्यनच्या. गाडी बंद पडली आणि ९११ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन केला तर मार्गाचा प्रकार, आकडा, दिशा आणि मैल या चारही गोष्टी सांगाव्यात. नुसते '८९ए' सांगितले तर मदतीची गाडी भलत्याच दरीत जाईल.

आय-१९ची तऱ्हा निराळी. टूसॉन ते नोगालेस या सुमारे १०२ किलोमीटरच्या रस्त्यावर अंतरे आणि एक्झिट किलोमीटरमध्ये आहेत, वेगमर्यादा मात्र मैलांत. तुबाकचा एक्झिट ३४ म्हणजे सीमेपासून साधारण २१ मैल. किलोमीटरची सवय असलेल्या आपल्या माणसाला ते बरे वाटते आणि तिथेच फसायला होते: पाटीवरचे ७५ हे किलोमीटर समजून रेंगाळलात तर मागचा ट्रक हॉर्न वाजवत येतो.

लेखात इंटरस्टेटचा सम-विषम नियम बरोबर दिला आहे: सम पूर्व-पश्चिम, विषम उत्तर-दक्षिण. आपल्याकडे २०१०च्या फेरक्रमांकनानंतर नेमके उलट आहे; उत्तर-दक्षिण धावणारा मुंबई-गोवा महामार्ग ६६, म्हणजे सम. (तो पूर्वी १७ होता, ॲरिझोनातही आय-१७ आणि जुना महामार्ग रूट ६६ यांमुळे हे दोन्ही आकडे प्रसिद्ध असावेत, हा निव्वळ योगायोग.) पण ॲरिझोनाच्या राज्य मार्गांना हा नियम लावायला जाऊ नये. १८८ सम असूनही उत्तर-दक्षिण जातो.

शेवटी ६६६चा उल्लेख. लेखात हा मार्ग आजही असल्यासारखा लिहिला आहे. तो मूळ रूट ६६चा सहावा फाटा म्हणून ६६६ झाला. ख्रिस्ती परंपरेत ६६६ हा सैतानी आकडा मानतात, म्हणून सैतानाशी त्याचा संबंध लोकांनी जोडला आणि पाट्या चोरीला जाऊ लागल्या. ॲरिझोनातला भाग १९९२ मध्ये यूएस १९१ झाला, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि यूटामधला २००३ मध्ये ४९१. तेव्हा जीपीएसमध्ये १९१ शोधावे. त्या रस्त्यावर मोरेन्सीहून अल्पाइनकडे निघाल्यास टाकी मोरेन्सीतच पूर्ण भरून घ्यावी. पुढे सुमारे ९० मैल वळणावळणांचा घाट आहे, वाटेत पेट्रोल पंप नाही.

— एक वाचक, टेंपी, ॲरिझोना